डेटाबेसमधील बदल ओळखण्यासाठी पोलिंग की पुश नोटिफिकेशन? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखाद्या टेबलात नवी ऑर्डर पडली, कोणाचा पत्ता बदलला किंवा बिलाची स्थिती ‘प्रलंबित’वरून ‘भरलेले’ झाली, की दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामला ते वेळेवर कळावे लागते. ते कसे कळवावे, याविषयी नेहमी विचारले जाणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरांमध्ये मुख्यतः पोस्टग्रेसक्यूएल (थोडक्यात पोस्टग्रेस) हा डेटाबेस गृहीत धरला आहे. इतर डेटाबेसांविषयीचा प्रश्न शेवटाकडे आहे.

पोलिंग आणि पुश नोटिफिकेशन यांत नेमका फरक कोणता?

पोलिंगमध्ये वाचणारा प्रोग्राम ठरावीक अंतराने डेटाबेसला स्वतःहून विचारतो, की मागच्या वेळेनंतर काही बदलले आहे का. पुश नोटिफिकेशनमध्ये वाचणारा कनेक्शन उघडून थांबून राहतो आणि बदल झाल्यावर डेटाबेस त्याला कळवतो. बहुतेक चर्चा या दोहोंतील वेगाच्या फरकावरच थांबते. त्याहून महत्त्वाचा फरक जबाबदारीचा आहे. पोलिंगमध्ये आपण कुठपर्यंत वाचले याची खूण वाचणाऱ्याजवळ असते, त्यामुळे तो तासभर बंद पडला तरी परत आल्यावर तेथूनच पुढे वाचू शकतो. साध्या नोटिफिकेशनमध्ये अशी खूण कोणाजवळच नसते. सूचना आली त्या क्षणी जो ऐकत होता त्याला ती मिळाली, जो नव्हता त्याच्यासाठी ती झालीच नाही.

पोलिंगमुळे डेटाबेसवर फार ताण येतो, हे खरे आहे का?

आकडेमोड करून पाहावे. दर ५ सेकंदांनी एक क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) म्हणजे तासाला ७२० आणि दिवसाला १७,२८० क्वेरी होतात. योग्य इंडेक्स (ओळी पटकन शोधण्याची सूची) असेल आणि बहुतेक वेळा उत्तर रिकामेच येत असेल, तर अशी एक क्वेरी काही मोजकी पाने वाचून संपते, आणि एवढ्या कामाची पोस्टग्रेसला जाणीवही होत नाही. मात्र हीच क्वेरी १०० क्लायंट स्वतंत्रपणे पाठवू लागले, तर दिवसाची संख्या १७,२८,००० वर जाते. त्यातही इंडेक्स नसला तर प्रत्येक वेळी संपूर्ण टेबल चाळले जाते. पोलिंगविषयीच्या बहुतेक तक्रारी या दोन कारणांपैकी एका कारणाने उद्भवतात.

त्यामुळे शक्य तेथे डेटाबेसला विचारणारा एकच प्रोग्राम ठेवावा आणि त्याने इतरांना वाटप करावे. कामांच्या टेबलावर फक्त प्रलंबित ओळींपुरता आंशिक इंडेक्स ठेवावा. टेबलात कोट्यवधी जुन्या ओळी साचल्या तरी असा इंडेक्स लहानच राहतो. मध्यांतर ५ सेकंदांचे असेल तर सरासरी विलंब अडीच सेकंदांचा असतो. हिशेब, ईमेल, अहवाल आणि साठ्याची जुळवणी अशा अनेक कामांना एवढा विलंब सहज चालतो, आणि तेथे नोटिफिकेशनची गुंतागुंत अंगावर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘शेवटच्या आयडीनंतरच्या ओळी द्या’ एवढे विचारले तर पुरेसे नाही का?

नाही, आणि या पानावरील सर्वांत महत्त्वाचे उत्तर हेच आहे, कारण ही चूक चाचणीत सापडत नाही आणि गर्दीच्या दिवशी मुकाट्याने ओळी गहाळ करते.

आपोआप वाढणारा आयडी ओळ घालताना मिळतो, पण ती ओळ इतरांना दिसते ट्रान्झॅक्शन (एकत्र पार पडणाऱ्या बदलांचा गट) कमिट, म्हणजे कायम, झाल्यावर. या दोन क्षणांत अंतर असते. समजा, १० वाजता पहिल्या ट्रान्झॅक्शनने ओळ घातली आणि तिला ५०१ क्रमांक मिळाला, पण त्या ट्रान्झॅक्शनचे काम अजून चालू आहे. एका सेकंदाने दुसऱ्या ट्रान्झॅक्शनने ५०२ क्रमांकाची ओळ घातली आणि लगेच कमिट केले. आणखी एका सेकंदाने आपला पोलर (पोलिंग करणारा प्रोग्राम) आला, त्याला ५०२ दिसली, ५०१ दिसली नाही. त्याने ‘५०२पर्यंत वाचले’ अशी खूण केली. त्यानंतर पहिले ट्रान्झॅक्शन कमिट झाले. पोलर यापुढे नेहमी ५०२च्या पुढचेच मागणार, त्यामुळे ५०१ ही ओळ टेबलात व्यवस्थित असूनही कधीच वाचली जाणार नाही. कुठलीही त्रुटी नोंदली जात नाही, लॉगमध्ये काही दिसत नाही, आणि ग्राहकाचा फोन येईपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही.

आयडीऐवजी ‘बदलाची वेळ’ हा कॉलम वापरला तरी सुटका नाही. पोस्टग्रेसमध्ये ‘नाऊ’ हे फंक्शन चालू क्षणाची नव्हे, तर ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ देते. म्हणजे दहा मिनिटे चाललेल्या ट्रान्झॅक्शनमधील ओळ कमिट होतानाच दहा मिनिटे जुनी असते, आणि पोलरची खूण तोवर पुढे गेलेली असते.

यावर तीन उपाय प्रचलित आहेत. पहिला, प्रत्येक ओळीवर ‘प्रक्रिया झाली’ अशी खूण करावी आणि खूण नसलेल्या सर्व ओळी मागाव्यात. येथे क्रमाचा प्रश्नच उरत नाही. वाचणारा एकच गट असेल तेव्हा हा उपाय उत्तम. कामे करणारे अनेक प्रोग्राम असतील, तर ओळी निवडताना ‘फॉर अपडेट स्किप लॉक्ड’ जोडावे, म्हणजे एकाने धरलेल्या ओळी दुसरा ओलांडून पुढे जातो. ही सोय पोस्टग्रेसमध्ये ९.५ या आवृत्तीपासून आहे.

दुसरा उपाय म्हणजे थोडे मागे सरकून वाचणे. खूण १० वाजून ५ मिनिटांची असली तरी १० वाजल्यापासूनचे बदल मागावेत आणि तीच ओळ दोनदा आली तरी परिणाम एकदाच होईल अशी प्रक्रिया लिहावी. हा उपाय सोपा आहे, पण त्यामागे कोणतेही ट्रान्झॅक्शन पाच मिनिटांपेक्षा जास्त चालणार नाही असे गृहीतक दडलेले असते, आणि रात्रीचा एखादा मोठा बॅच ते मोडतो.

तिसरा उपाय सर्वांत काटेकोर आहे. प्रत्येक ओळीत ती लिहिणाऱ्या ट्रान्झॅक्शनचा क्रमांक साठवावा आणि अजून चालू असलेल्या सर्वांत जुन्या ट्रान्झॅक्शनच्या आधीच्याच ओळी वाचाव्यात. पोस्टग्रेस १३पासून यासाठी ६४ बिटांचा ट्रान्झॅक्शन क्रमांक आणि चालू स्नॅपशॉटची (त्या क्षणी दिसणाऱ्या स्थितीची) खालची सीमा देणारी फंक्शन सहज वापरता येतात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘रोव्हर्जन’ कॉलम आणि ‘मिन अ‍ॅक्टिव्ह रोव्हर्जन’ हे फंक्शन नेमके याच कामासाठी आहे. याची किंमत एवढीच, की कोणी ट्रान्झॅक्शन उघडे ठेवून गेला तर वाचन तेथेच थबकते. तरीही ओळ गहाळ होण्यापेक्षा उशिरा मिळणे केव्हाही बरे.

पोलिंगमध्ये खोडलेल्या ओळी कशा कळतात?

कळत नाहीत. नसलेली ओळ कोणत्याही क्वेरीत येत नाही. म्हणून ओळ खरोखर न खोडता तिच्यावर ‘रद्द’ अशी खूण करावी, किंवा ट्रिगर (बदल होताच डेटाबेसने आपोआप चालवायचे काम) लावून प्रत्येक खोडणीची नोंद वेगळ्या टेबलात करावी. त्याचप्रमाणे, दोन वाचनांच्या मध्ये एक ओळ तीनदा बदलली तर पोलिंगला फक्त शेवटची स्थिती दिसते. मधल्या टप्प्यांना अर्थ असेल, तर बदलांचे स्वतंत्र टेबल ठेवण्यावाचून पर्याय नाही.

पोस्टग्रेसमधील लिसन आणि नोटिफाय कसे काम करतात?

एक सेशन ‘लिसन’ ही आज्ञा देऊन एखाद्या नावाच्या चॅनेलवर ऐकू लागते. दुसरे सेशन त्या चॅनेलवर ‘नोटिफाय’ करते, बहुधा टेबलावरील ट्रिगरमधून. सूचना ट्रान्झॅक्शनशी बांधलेली असते, हा या यंत्रणेचा मोठा गुण आहे. कमिट झाल्यावरच ती बाहेर पडते आणि रोलबॅक झाल्यास, म्हणजे ट्रान्झॅक्शन रद्द झाल्यास, कोणालाही जात नाही. त्यामुळे न झालेल्या बदलाची हूल कधीच उठत नाही. एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये त्याच चॅनेलवर तोच मजकूर अनेकदा पाठवला, तर ऐकणाऱ्याला तो एकदाच मिळतो. ऐकणारे सेशन स्वतः एखाद्या ट्रान्झॅक्शनमध्ये असेल, तर ते संपेपर्यंत सूचना त्याच्यापर्यंत पोचत नाही.

सूचनेबरोबर मजकूर म्हणजे पेलोड पाठवण्याची सोय २०१०मध्ये आलेल्या ९.० आवृत्तीपासून झाली.

पेलोडमध्ये संपूर्ण ओळ पाठवावी का?

पाठवू नये. मूळ मांडणीत पेलोड ८,००० बाइटपेक्षा कमी असावा लागतो, आणि मराठीत काम करणाऱ्यांना ही मर्यादा इतरांपेक्षा फार लवकर आडवी येते. यूटीएफ-८ या अक्षर-संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ‘क्ष’ हे एक अक्षर दिसत असले तरी ते क, हलन्त आणि ष मिळून ९ बाइटचे होते. म्हणजे पेलोडमध्ये जेमतेम २,६६६ चिन्हे मावतात, आणि काना-मात्रा-वेलांट्या त्यातच मोजल्या जातात. जेसन तयार करणारी लायब्ररी देवनागरी चिन्हांचे एस्केप-संकेत करीत असेल, तर प्रत्येक चिन्हाला ६ बाइट लागतात आणि ही संख्या निम्म्यावर येते.

मर्यादा ओलांडल्यावर जे घडते ते अधिक गंभीर आहे. मजकूर कापला जात नाही, तर नोटिफाय त्रुटी देते. ते ट्रिगरमध्ये असल्यामुळे ज्या ओळीसाठी ते चालले ती ओळच टेबलात पडत नाही. इंग्रजी नमुना-माहितीवर सर्व चाचण्या पार पडलेला प्रोग्राम एखादा लांब मराठी तक्रार-अर्ज आला की तो अर्जच नाकारतो, अशी वेळ येऊ शकते. ज्या सोयीचे काम केवळ बातमी देणे आहे, तिच्यामुळे मूळ नोंदच अडावी हे कोणत्याही परिस्थितीत मान्य करण्यासारखे नाही.

म्हणून पेलोडमध्ये फार तर टेबलाचे नाव आणि ओळीचा आयडी पाठवावा. दारावरची बेल वाजली म्हणजे कोणीतरी आले आहे एवढेच कळते, कोण आले आहे ते दार उघडूनच पाहावे लागते. सूचनेकडेही तेवढ्याच अपेक्षेने पाहावे आणि खरी माहिती टेबलातूनच वाचावी.

ऐकणाऱ्याचे कनेक्शन तुटले तर मधल्या सूचनांचे काय होते?

त्या कायमच्या जातात. पोस्टग्रेस त्या गैरहजर ऐकणाऱ्यासाठी राखून ठेवत नाही. म्हणून पुन्हा जोडल्यावर काय, कोणत्या क्रमाने करायचे हे फार महत्त्वाचे ठरते. आधी लिसन करून ते कमिट करावे आणि त्यानंतरच नव्या ट्रान्झॅक्शनमध्ये टेबल वाचून राहिलेले बदल उचलावेत. हा क्रम उलटा केला, तर वाचन संपल्यापासून ऐकणे सुरू होईपर्यंतच्या फटीत झालेला बदल दोन्हींकडून निसटतो.

उघडपणे तुटलेले कनेक्शन निदान त्रुटी तरी देते. अधिक त्रास होतो तो न बोलता मेलेल्या कनेक्शनचा. ऐकणारे कनेक्शन तासन्‌तास शांत असते, आणि मधला एखादा फायरवॉल किंवा लोड बॅलन्सर अशी शांत कनेक्शने कोणालाही न कळवता विसरून जातो. ऐकणाऱ्याला वाटते की बदलच होत नाहीत. लिनक्सची टीसीपी कीपअलाइव्हची (शांत कनेक्शन जिवंत आहे का हे तपासणाऱ्या सोयीची) मूळ वेळ ७,२०० सेकंद, म्हणजे दोन तास आहे. तीही प्रोग्रामने कीपअलाइव्ह चालू केले असेल तरच लागू होते. त्यामुळे हे अंतर काही सेकंदांवर आणावे, आणि त्याखेरीज त्याच कनेक्शनवर दर अर्ध्या मिनिटाने एखादी छोटी क्वेरी पाठवून ते जिवंत असल्याची खात्री करावी.

आणखी दोन गोष्टी अनेकांना उशिरा कळतात. पीजीबाउन्सर हा कनेक्शने वाटून देणारा पूलर ट्रान्झॅक्शन-पूलिंग पद्धतीने चालवला असेल तर लिसन चालत नाही, कारण प्रत्येक ट्रान्झॅक्शननंतर सर्व्हरवरील कनेक्शन दुसऱ्याच्या हाती जाते. ऐकणाऱ्यासाठी पूलरला वगळून थेट कनेक्शन ठेवावे. तसेच फक्त वाचनासाठी असलेल्या हॉट स्टँडबाय सर्व्हरवर लिसन करता येत नाही, त्यासाठी मुख्य सर्व्हरवरच जावे लागते.

नोटिफायमुळे लेखन मंदावते का?

साध्या वापरात नाही. पण सूचनांचा क्रम कमिटच्या क्रमाशी जुळावा म्हणून नोटिफाय केलेली ट्रान्झॅक्शने कमिटच्या वेळी एक सामाईक लॉक घेतात, आणि ती एकामागून एकच पुढे सरकतात. एकाच वेळी शेकडो कनेक्शनांवरून लेखन चालू असेल आणि प्रत्येक ओळीवर नोटिफाय करणारा ट्रिगर असेल, तर ही रांग जाणवू लागते. अशा ठिकाणी ओळीगणिक ट्रिगर न लावता संपूर्ण विधानासाठी एकच ट्रिगर लावावा आणि ‘ऑर्डरच्या टेबलात बदल झाला’ एवढीच सूचना पाठवावी. त्यानेही भागत नसेल तर नोटिफायच्या पलीकडचा मार्ग निवडावा.

न पोचलेल्या सूचनांची रांग मूळ मांडणीत ८ जीबीपर्यंत वाढू शकते. ऐकणारे एखादे सेशन ट्रान्झॅक्शन उघडे ठेवून बसले की ही रांग साफ होत नाही, आणि ती पूर्ण भरली तर नोटिफाय करणारी ट्रान्झॅक्शने कमिटलाच अपयशी ठरतात. रांग किती भरली आहे हे सांगणारे फंक्शन पोस्टग्रेसमध्ये आहे, ते नियमित देखरेखीत अवश्य घ्यावे.

मग दोन्ही एकत्र कसे वापरावे?

आधी पोलिंग नीट लिहावे. खुणेचा प्रश्न वर सांगितल्याप्रमाणे सोडवावा, खोडण्यांची व्यवस्था करावी, एकच ओळ दोनदा आली तरी बिघाड होणार नाही असे पाहावे, आणि मगच त्यावर नोटिफिकेशन चढवावे. वाचणाऱ्या प्रोग्रामचे चक्र तेव्हा असे होते: सूचनेची वाट पाहावी, पण जास्तीत जास्त ३० सेकंद. सूचना आली किंवा मुदत संपली, तर दोन्ही वेळी तीच क्वेरी चालवून खुणेनंतरचे सर्व बदल उचलावेत. वाचेपर्यंत आणखी ५० सूचना साचल्या असतील, तर त्या सर्व काढून टाकून एकदाच वाचावे.

या रचनेत सूचना हरवली तर नुकसान फार तर ३० सेकंदांच्या विलंबाचे होते. सूचना जास्तीची आली तर एक रिकामी क्वेरी वाढते. दिवसाच्या १७,२८० क्वेरींऐवजी शांत दिवशी २,८८० क्वेरी होतात, आणि विलंब मात्र सामान्यतः काही मिलिसेकंदांचाच राहतो. ऐकण्याचा भाग पूर्ण बंद पडला तरी काम चालू राहते, फक्त मंद गतीने. हे मला या पद्धतीचे सर्वांत मोठे बळ वाटते, कारण रात्री दोन वाजता कोणाला उठवायचे की सकाळपर्यंत थांबायचे, हे त्यावर ठरते.

एक सावधगिरी बाळगावी. खुणेचा तिसरा, ट्रान्झॅक्शन क्रमांकाचा उपाय वापरला असेल, तर सूचना मिळताच केलेल्या वाचनात ती ओळ येईलच असे नाही, कारण दुसरे एखादे जुने ट्रान्झॅक्शन अजून चालू असू शकते. मुदतीनंतरचे वाचन तिला उचलते. गडबडून खूण पुढे ढकलू नये.

लॉजिकल डिकोडिंगकडे केव्हा वळावे?

प्रत्येक बदल क्रमाने हवा असेल, मधली स्थितीही सुटता कामा नये, खोडण्या हव्या असतील आणि लेखन मोठे असेल, तेव्हा. पोस्टग्रेस प्रत्येक बदल आधी राइट-अहेड लॉगमध्ये लिहिते. २०१४मध्ये आलेल्या ९.४ आवृत्तीपासून तोच लॉग ओळींच्या बदलांच्या रूपात वाचता येतो, यालाच लॉजिकल डिकोडिंग म्हणतात. डेबेझियमसारखी साधने याच मार्गाने बदल काफ्का या संदेश-वाहक यंत्रणेपर्यंत नेतात. येथे ‘कुठपर्यंत वाचले’ ही खूण सर्व्हर स्वतःच रेप्लिकेशन स्लॉटमध्ये जपतो, आणि बदल कमिटच्या क्रमाने मिळत असल्यामुळे ५०१ आणि ५०२चा घोटाळाही होत नाही.

मात्र वाचणारा बंद पडला तर तो परत येईपर्यंतचा सर्व लॉग स्लॉटमुळे डिस्कवर साचत राहतो. कोणीतरी प्रयोगासाठी स्लॉट तयार करावा, तो विसरून जावा, आणि काही आठवड्यांनी मुख्य डेटाबेसची डिस्क भरून लेखनच थांबावे, हा धोका अगदी खरा आहे. १३व्या आवृत्तीपासून स्लॉटसाठी किती लॉग राखायचा याची कमाल मर्यादा घालता येते. ती घालावीच, पण मर्यादा ओलांडल्यावर स्लॉट निकामी होतो आणि पूर्ण माहिती नव्याने उचलावी लागते हेही ध्यानात ठेवावे. अपडेट आणि डिलीटमध्ये ओळीची जुनी मूल्ये पूर्ण हवी असतील, तर टेबलाची रेप्लिका आयडेंटिटी (लॉगमध्ये जुन्या ओळीचे काय लिहायचे हे ठरवणारी मांडणी) ‘फुल’ करावी लागते.

इतर डेटाबेसांमध्ये काय सोय आहे?

मायएसक्यूएलमध्ये लिसन-नोटिफायसारखी यंत्रणा नाही. तेथे पोलिंग करावे किंवा ओळींच्या स्वरूपातील बिनलॉग (बदलांचा लॉग) वाचावा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये २००५च्या आवृत्तीपासून क्वेरी नोटिफिकेशन आहे, पण ते एकदाच वाजते आणि प्रत्येक वेळी नव्याने नोंदणी करावी लागते. शिवाय क्वेरी कशी लिहावी यावर बरीच बंधने आहेत. २००८पासून उपलब्ध असलेले चेंज ट्रॅकिंग मला त्याहून भरवशाचे वाटते. ओरॅकलमध्ये कंटिन्युअस क्वेरी नोटिफिकेशन आहे. मोंगोडीबीत ३.६ आवृत्तीपासून चेंज स्ट्रीम आहेत. त्यांना रेप्लिका सेट किंवा शार्डेड क्लस्टर लागतो, आणि रिझ्यूम टोकन (कुठपर्यंत वाचले याची खूण) जपून ठेवले तर ऑपलॉगमध्ये (तेथील बदलांच्या लॉगमध्ये) शिल्लक असेपर्यंतचे बदल मागाहूनही मिळतात. रेडिसची कीस्पेस नोटिफिकेशन पाठवली आणि विसरली अशा प्रकारची आहेत, म्हणून भरवसा हवा असेल तेथे ५.०पासूनचे स्ट्रीम वापरावेत.

एसक्यूलाइटमध्ये अपडेट हुक फक्त त्याच कनेक्शनवरून झालेले बदल सांगतो. दुसऱ्या प्रक्रियेने फाइल बदलली का हे पाहण्यासाठी ‘डेटा व्हर्जन’ हा प्राग्मा (एसक्यूलाइटची खास आज्ञा) विचारावा. तो इतका स्वस्त आहे, की सेकंदातून अनेकदा विचारला तरी हरकत नाही.

ब्राउझरपर्यंत बदल कसा पोचवावा?

ब्राउझरगणिक डेटाबेसवर एक लिसन करू नये, कारण पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शन म्हणजे एक स्वतंत्र प्रोसेस असते. अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरवर ऐकणारा एकच ठेवावा आणि तेथून वेबसॉकेटने किंवा सर्व्हर-सेंट इव्हेंटने पुढे वाटप करावे. पान पुन्हा जोडले गेले की त्यानेही प्रथम ताजी स्थिती मागून घ्यावी, हा नियम येथेही लागू आहे.

आपली रचना बरोबर आहे याची चाचणी कशी घ्यावी?

पीएसक्यूएलच्या (पोस्टग्रेसला आज्ञा देण्याच्या प्रोग्रामच्या) दोन खिडक्या उघडाव्यात. पहिलीत ट्रान्झॅक्शन सुरू करून एक ओळ घालावी आणि कमिट न करता तसेच ठेवावे. दुसरीत ओळ घालून कमिट करावे. वाचणाऱ्याने निदान एकदा वाचन करेपर्यंत थांबावे आणि मग पहिलीत कमिट करावे. दोन्ही ओळी पोचल्या पाहिजेत.

त्यानंतर ऐकणाऱ्या प्रोग्रामचे नेटवर्क फायरवॉलच्या नियमाने गप्प करावे, म्हणजे पॅकेट नाकारू नयेत, नुसती गिळून टाकावीत. प्रोग्राम किल करून ही चाचणी होत नाही, कारण तेव्हा ऑपरेटिंग सिस्टिम कनेक्शन रीतसर बंद करते. नेटवर्क बंद असताना काही ओळी घालाव्यात, मग नियम काढावा आणि त्या ओळी किती वेळाने उचलल्या जातात ते पाहावे. नियम तसाच राहिल्यास लिनक्स उत्तर न आलेले पॅकेट सुमारे १५ मिनिटे पुन्हा पुन्हा पाठवत राहते, आणि मधूनमधून पाठवलेली छोटी क्वेरीही तोवर अडकून पडते. म्हणून त्या क्वेरीला प्रोग्रामच्या बाजूने काही सेकंदांची मुदत द्यावी, ती संपताच कनेक्शन टाकून नवे उघडावे, आधी लिसन करावे आणि मग खुणेपासून वाचावे.